उणे पाच

तुंगार्ली, लोणावळा
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

प्रिय मकसूद,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोनला गप्प करता येतं, पत्राला तशी सोय नाही. फार तर ते फाडता येतं, आणि फाडायच्या आधी चार ओळी डोळ्यांखालून जातातच. शिवाय मी तुझ्या बहिणीला, लैलाला, सांगून ठेवलंय की पत्र त्याच्या हातात द्यायचं आणि तो शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोर बसून राहायचं, चहासुद्धा द्यायचा नाही. ती म्हणाली, 'प्रदीपभाऊ, त्यो च्या पितोय कुटं आता.' म्हणजे माझी धमकी फुकट गेली. तू चहा सोडलास हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं, की तुझ्या वाटणीचा कप मीच पिऊन टाकला. तो अजून पचलेला नाही.

आधी कामशेतची खबर देतो. भात कापून झालंय, गिरण्या सुरू आहेत आणि बाजारपेठेत इंद्रायणी तांदळाचा वास भरून राहिलाय. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मात्र मे महिन्यात जसं खाली आलं तसंच आहे. ऐन हंगामात गिरणीवाल्या रतनशेठचा इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला. मला स्टेशनात गाठून तो माझ्यावरच डाफरला, 'तुमचा दोस्त तितं घोरावाडीत गोदामाच्या फाटकावर वॉचमन होऊन बसलाय, अन् हितं माझा काटा दर पोतं भारी दावतोय.' मी म्हटलं, शेठ, इतकी वर्षं हलकं दाखवलं, आता परतफेड करत असेल. तो हसला नाही. पण दुसऱ्या मिस्त्रीला त्याने काट्याला हात लावू दिलेला नाही, हे खरं. माळ्यावरून बापाचा लोखंडी तराजू काढलाय आणि वजनं मांडताना तुझ्या नावाने बोटं मोडत असतो. एखाद्या माणसाची आठवण काढायच्या किती पद्धती असतात बघ.

मी शाळेत आहे तसाच आहे. अभ्यासक्रमात नसलेलं न्यायशास्त्र, ते जुनं तर्कशास्त्र, अजूनही मुलांच्या गळी उतरवतो. परवा अनुमान शिकवत होतो: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. लोणावळ्यात हे शिकवणं म्हणजे स्वतःची फजिती करून घेणं. एका मुलीने खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि शांतपणे विचारलं, 'सर, मग आपल्याकडे रोजच आग लागते का?' बाहेर धुकं होतं. वर्ग हसला. मग मी सांगितलं की ही गंमत जुन्या पंडितांनाही ठाऊक होती. धुक्याला धूर समजून आगीची बोंब ठोकणारा माणूस त्यांनी चुकीच्या अनुमानाचा नमुना म्हणून कायमचा उभा करून ठेवलाय. हे बोलता बोलता एकदम तू डोळ्यांसमोर आलास. आमचा निलेश तुझ्या हातच्या चुकीने गेला, असं तू मे महिन्यापासून मानून बसलायस. हे धुकं आहे असं मला सारखं वाटायचं. पण बापाला काय वाटतं, ते प्रमाण धरत नाहीत. आणि मित्राला वाटतं ते तर मुळीच नाही. म्हणून इतके महिने मी तुझ्या दाराशी आलो नाही. उगाच समजूत घालायला आलो असतो तर तू मला बाहेर काढलं असतंस, आणि ते बरोबरच झालं असतं.

तो डबा तू बनवलास ते दिवस मला नीट आठवतात. निलेशने नोकरीबिकरी न बघता पाहुण्यांना पॅराग्लायडरवरून फिरवून आणायचा धंदा धरला, तेव्हा घरात मी आणि सारिका दोघंही तोंडं पाडून बसलो होतो. तू म्हणालास, 'उडतोय तर उडू दे, पण आंधळा नको उडाया.' हवेत लटकलेल्या माणसाला आपण वर चढतोय की खाली चाललोय, हे अंगाला कळतच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. हवेचा दाब मोजून ते कानात सांगणारं यंत्र लागतं. परदेशी यंत्र घेण्याची आपली ऐपत नव्हती, म्हणून तू चिक्कीचा पत्र्याचा डबा घेतलास आणि त्यात मांडामांड सुरू केलीस. मी शाळेतून येऊन तुझ्या टेबलाशी बसायचो, मदत म्हणून नाही, अडचण म्हणून. दोन चपट्या बॅटऱ्या तू पाठीला पाठ लावून जोडल्यास आणि दोघींच्या मधल्या सांध्याला म्हणालास, हे शून्य. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. मी विचारलं, शून्याच्या खाली वीज असते कशी? तू माझ्याकडे बघितलंस, जसा मी विभक्ती चुकवणाऱ्या मुलाकडे बघतो. म्हणालास, 'पंडित, गावाकडं तुझी विहीर हाय न्हवं? शिडी जमिनीवर लावली तर वर चढशील, विहिरीत सोडली तर खाली उतरशील. शिडी तीच. जमीन कुटली धरायची ते आपण ठरवायचं.' इतकी वर्षं शास्त्रं घोकून मला इतका सरळ दृष्टान्त सुचलेला नाही, म्हणून तेव्हा मी मुद्दाम नाक मुरडलं होतं.

मग ते दोन काळे तुकडे, हरभऱ्याएवढे, तीन तीन पिनांचे. रेग्युलेटर. बॅटरी नवी असते तेव्हा मस्तवाल असते, जुनी होते तशी रडतराऊत होते. हा तुकडा तिचे नखरे आपल्या अंगावर घेतो आणि पुढे कायम पाच व्होल्टच देतो. एक अधिक पाच देणारा, एक उणे पाच देणारा. दिसायला जुळे. पण तू मला बजावून बजावून सांगितलंस की हा उण्याचा तुकडा म्हणजे अधिकाचं आरशातलं रूप नव्हे. अधिकाची मधली पिन शून्याला जोडायची. उण्याच्या मधल्या पिनेतून वीज आत येते. भलेभले इथे फसतात, कारण हाताला सवय अधिकाची असते. आणि फसलं, तर डबा बंद पडत नाही, हीच खरी मेख. उणी बाजू तेवढी मरते. वर गेलं की डबा बोलतो, खाली गेलं की तोंडातून अवाक्षर काढत नाही. तू म्हणालास, 'निवडणुकीतल्या पुढाऱ्यावानी.' त्यावर निलेश इतका हसला की त्याच्या हातातला चहा तुझ्या सर्किटवर सांडला, आणि तू त्याला दिलेल्या शिव्या मी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष ठरवल्या होत्या.

आवाज त्यानेच ठरवले. वर चढताना चिमणीसारखी टिवटिव. खाली येताना लांब, खोल, हुंदक्यासारखा सूर. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा निलेश म्हणाला, 'अरे, ही तर झुंबरआत्या.' माझी थोरली बहीण तुला माहीतच आहे. साखरपुड्यात रडते, बारशात रडते, निलेश दहावी पास झाला तेव्हा पेढा तोंडात धरून रडली होती. आमच्या घरात रडण्याचा पहिला मान तिचा. तिने सूर लावला की बाकीच्यांनी मागे यायचं, असा रिवाजच पडून गेलाय. तर त्या दिवसापासून तुमच्या दोघांच्या भाषेत उण्या बाजूचं नाव आत्या. 'आज आत्या लय रडली, लवकर उतरलो,' असं तो घरी येऊन सांगायचा. खऱ्या आत्याला हे कळलं तेव्हा ती रुसली, आणि मग अर्थातच रडली.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तू हा परिच्छेद टाळशील, म्हणून लैलाला समोर बसवलंय. सकाळी निलेश तुझ्याकडे आला, कारण आत्याचा आवाज फाटल्यासारखा येत होता. तू उण्याचा तुकडा बदललास. तो दारात गाडी चालूच ठेवून उभा होता आणि 'काका, पाव्हणे थांबल्यात' असं घाईला आणत होता. दुपारभर त्याने पाहुण्यांना फिरवलं. संध्याकाळी, ते गेल्यावर, वारा छान आहे म्हणून तो एकटाच उडाला. डोंगराच्या मागच्या अंगाला हवा खाली ओढते हे त्याला माहीत होतं. पण उन्हं उतरली होती, आणि खाली किती आणि केव्हापासून चाललोय हे त्याला कळलं नाही. खडकांतून त्याला उचलून आणला तेव्हा अंगणात सगळं गाव होतं. पप्पू, त्याचा उडण्यातला जोडीदार, निलेश उडत असताना उतारावरच उभा होता. आता तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, 'डोक्यावरनं गेला माझ्या. आत्याचा आवाजच आला न्हाई. एरवी तितवर ऐकू येतो.' तो येतोच; तुझा सगळा हात लग्नाच्या भोंग्यांवर बसलेला, तुझं कुठलंही यंत्र हळू बोलत नाही. पप्पूचं हे वाक्य तू ऐकलंस आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. इतक्या गर्दीत मला तेवढंच दिसलं. तू जवळ आलास, म्हणालास, 'पंडित, घाईत मधली पिन चुकली माझी,' आणि निघून गेलास. भोवतालच्या कोणालाही त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, कारण तूच मला शिकवलं होतंस.

त्या दिवशी झुंबरआत्या रडली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली, नुसती. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ती कधी सुरुवात करते म्हणून. तिने केली नाही. आणि आमच्या घरचा रिवाज असा, की तिच्याआधी कोणी रडलं नाही. सारिका नाही, मी नाही. दहावा झाला, तेरावा झाला, घरात कोरडं ठणठणीत. लोक म्हणाले, मास्तर धीराचे आहेत. लोकांना काय कळतंय.

पोलिसांनी डबा एका पिशवीत घालून परत दिला. तो मी शब्दकोशामागे ठेवला आणि त्याला हात लावला नाही. तुझ्यासारखंच मलाही वाटत होतं की काय, असं विचारशील तर नाही म्हणणार नाही. उघडला आणि तू म्हणतोस तेच निघालं तर मुलाच्या पाठोपाठ मित्रही जाईल, याची भीती होती. डबा बंद होता तोवर दोघांपैकी एक जण निम्मा तरी शिल्लक होता.

दिवाळी झाल्यावर तुझी रुमाईसा घरी आली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बोलणं तुझ्यापेक्षा एक इयत्ता पुढचं. चप्पल काढता काढताच म्हणाली, 'काका, अब्बांचं म्हणणं खरं की खोटं, ते मला मीटरवर बघायचंय.' मी म्हटलं, आणि खरं निघालं तर? ती म्हणाली, 'तर खरं म्हणून सांगू. पण हे असं अधांतरी नको. अब्बा ना घरात आहेत ना घोरावाडीत.' सारिका आतून सगळं ऐकत होती. तिनेच शब्दकोश बाजूला केला आणि डबा आणून आमच्यापुढे ठेवला. डब्याचा एक कोपरा आत गेलाय. चिक्कीवाल्याचं नाव अजून वाचता येतं.

रुमाईसाच्या मते नुसता मीटर लावून भागणार नव्हतं. डबा चढउतारावर नेऊन बघायला हवा होता. म्हणून नव्या बॅटऱ्या घालून आम्ही दोघं कामशेतहून पवनानगरच्या एसटीत बसलो, डबा माझ्या मांडीवर, पिशवीत. खिंडीकडे चढ लागला आणि पिशवीतून टिवटिव सुरू झाली. मे महिन्यानंतर तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. मांडीवर काहीतरी जिवंत आहे असं वाटलं. पुढच्या बाकावरचं पोर वळून वळून बघायला लागलं. मग खिंड आली, गाडी पलीकडे उतरू लागली, आणि डबा गप्प झाला. मी वाट बघत राहिलो. गाडी वळणं घेत खाली चालली होती, कानात दडे बसत होते, धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि डब्यातून काही नाही. रुमाईसाने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे नाही. त्या उतारावर मी तुला गमावून बसलो होतो, मकसूद. तुला दोषी धरून नव्हे. तू आता कधीच परत येणार नाहीस, हे कळून.

पवनानगरला उतरलो. एका टपरीच्या बाकावर बसून तिने डबा उघडला, मीटरची एक तार शून्याला लावली, दुसरी उण्याच्या तुकड्याच्या पिनेला. ओठ घट्ट मिटलेले, अगदी तुझे. मग मीटर माझ्यापुढे धरला. उणे पाच. त्यात केसभर कमी असेल तर असेल. तिने दुसऱ्यांदा लावून बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. उणे पाच. मग पिना तपासल्या. मधली पिन तिच्या जागी होती, तिन्ही आपापल्या जागी होत्या, आणि तुझं सोल्डरचं टाकण इतकं गोल आणि नेटकं होतं की ती म्हणाली, 'घाईत केलेलं असं दिसतं होय? आमचे सर आठवडा लावून असं करत नाहीत.' तुझा हात चुकला नव्हता, मकसूद. तू घाईत होतास, हात घाईत नव्हता. हे वाक्य पुन्हा वाच. लैला, त्याला पुन्हा वाचायला लाव.

मग आवाज का येत नव्हता? ती सर्किट बघत बसली आणि मी, काही कळत नसताना करतो तसा, डब्याच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत होतो. खालच्या अंगाला बोट अडकलं. ते छोटं बटण, आत बसवलेलं. विसरलास का? हंगाम सुरू होताना निलेशच तुझ्याकडे हट्ट धरून बसला होता. पाहुण्यांना घेऊन उतरायला लागला की आत्या रडायची आणि पाहुणे घाबरायचे. मुंबईची एक बाई भर हवेत विचारायला लागली, 'भैया, ये रो क्यों रहा है?' 'काका, आत्याला गप करायचं बटण द्या,' असं म्हणून त्याने तुला पिडलं. तू कुरकुरलास, पण दिलंस; आणि चुकून धक्का लागायला नको म्हणून असं आत बसवलंस की नखाने ढकलल्याशिवाय हलणार नाही. पाहुणे असले की बंद, एकटा असला की चालू. ते बटण बंद होतं. दुपारी पाहुण्यांसाठी त्याने ते स्वतःच्या नखाने बंद केलं, आणि संध्याकाळी एकटा निघताना चालू करायला विसरला. एवढंच. यात कोणतंही शास्त्र नाही. विसरला.

मी नखाने ते पलीकडे ढकललं. परतीच्या गाडीत बसलो. खिंडीतून कामशेतकडे उतार लागला आणि माझ्या मांडीवर आत्या रडायला लागली. सगळी गाडी ऐकत होती. कंडक्टर आला, म्हणाला, 'मास्तर, पिशवीत मांजर कोंडलंय का काय?' मी म्हटलं, नाही, बहीण आहे. त्याने मला तिकीट पुन्हा विचारलं नाही. रुमाईसा खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतार संपेपर्यंत डबा रडत होता आणि मी त्याच्यावर हात ठेवून होतो. बंद करावा असं एकदाही वाटलं नाही.

मला माहीत आहे, तू आता काय म्हणशील. बटण मीच बसवलं. मग ऐक, तुझ्यासाठी एक जुना धडा काढून ठेवलाय. घट कशामुळे झाला, याची कारणं आमचे नैयायिक मोजतात. माती, चाक, चाक फिरवायचा दंडा ही कारणं. पण काही गोष्टी तिथे हजर असूनही कारणांत धरायच्या नाहीत, असं ते ठासून सांगतात. माती वाहून आणणारं गाढव धरायचं नाही. कुंभाराचा बाप धरायचा नाही, जरी तो नसता तर कुंभार नसता. आणि आकाश धरायचं नाही, जरी ते सगळीकडेच असलं. तर मकसूद, या सगळ्यात तू गाढव आहेस. हे मी तुला शाळेपासून सांगत आलोय, पण शास्त्राचा आधार आज पहिल्यांदा देतोय. तू माती आणून दिलीस, तुझं काम तिथे संपलं. कुंभाराचा बाप कोण, ते सांगायला नको. मी रोज सकाळी आरशात त्याला सांगतो की तुला कारणांत धरत नाहीत. त्याला ते पटत नाही. तुला पटलं तर मलाही पटेल, असा माझा स्वार्थ आहे. आणि उरलं आकाश. त्याच्यावर मी खूप दिवस रागावून बघितलं. ते तसंच आहे, निळं आणि रिकामं. दिवाळीपासून त्यात पुन्हा रंगीत ठिपके दिसायला लागलेत.

बटणाचं मी सारिकाला आठवडाभर सांगितलं नव्हतं. पोराच्या आईला पोराची चूक सांगायची तरी कशी. काल सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं, आणि माझ्या डोक्यावर ढकललेल्या चष्म्याकडे बघत म्हणाली, 'तुमच्यावर गेला.' तो चष्मा मी सकाळपासून घरभर शोधत होतो. ती हसली, मीही हसलो, आणि दोघंही लगेच गप्प झालो, कोणी ऐकलं तर काय म्हणेल म्हणून. मग तिने तुझं नाव काढलं. 'मकसूदभाऊजींना आपल्याला तोंड दाखवायचं नसेल, पण मला त्यांचं बघायचंय. त्यांच्याएवढा तो कोणाच्या मांडीवर खेळलाय?' याचं उत्तर तिला तूच दे.

आता कशासाठी लिहिलं, ते सांगतो. पप्पूने तो डबा मागितलाय. घाबरत घाबरत मागितला, पायातल्या चपलांकडे बघत, 'काका, त्याचा डबा संगं असला तर बरं वाटंल.' सारिका म्हणाली, द्या. द्यायचा आहेच, पण त्या बटणासकट नाही. रुमाईसा म्हणाली, मी काढते, चुटकीसरशी होईल. मी तिला हात लावू दिला नाही. ते तू बसवलंस, तूच काढायचं, तुझ्या टेबलावर, तुझं शटर वर करून. दोन्ही तारा कायमच्या एकमेकींना जोडून टाक, म्हणजे पाहुण्यांसाठी असो की आणखी कशासाठी, आत्याला यापुढे कोणालाही गप्प बसवता येणार नाही. रविवारी सकाळी मी आणि सारिका डबा घेऊन तुझ्या दुकानासमोर उभे असू. रतनशेठ काटा घेऊन येईल, त्याला थांबवणं माझ्या हातात नाही. आणि झुंबरआत्यालाही आणतोय. मे महिन्यापासून ती अजून रडलेली नाही, रे. तुला शटर वर करताना बघितलं की सुरुवात करेल असं वाटतं. तेवढी ती एकदा करू दे. आम्ही सगळे तिच्या मागे थांबलोय.

तुझाच,
पंडित